बियाण्यासाठी धूर

१९८६ साली, भाताची मळणी संपली त्या आठवड्यात, माझ्या काकीने घरातल्या निर्धूर चुलीचा पाइप गोणपाट आणि चिखल कोंबून बंद केला. ती चूल त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिच्याच दम्यासाठी बसवली होती. पाइप बंद करायला तिला कुणी सांगितले नव्हते.

आमचे घर वांगणी स्टेशनपासून डोंगराच्या बाजूला एका वाडीत होते. वडील अंबरनाथ एमआयडीसीत पाळीवर कामाला होते आणि बुवापाड्यात इतर कामगारांबरोबर एका खोलीत राहत. आई नव्हती. काका-काकींना मूल नव्हते, त्यामुळे मी त्यांच्याकडे वाढलो. पुढे उल्हासनगरच्या कॉलेजात जाऊ लागलो तेव्हाही मुक्काम वाडीतच होता.

घर कुडाचे होते. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणमातीचे लिंपण, वर कौले. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. कोपऱ्यात चूल आणि तिच्या बरोबर वर बांबूचा माळा. धूर माळ्यातून वर जाई आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडे. ओल लागू नये असे सगळे त्या माळ्यावर असे. पावसाळ्यासाठी ठेवलेले सुके बोंबील, कांद्याच्या वेण्या, जळाऊ लाकडाच्या ढलप्या आणि बियाण्याचा मुडा. भात पेंढ्यात गुंडाळून पेंढ्याच्याच दोरांनी बांधलेला तो मुडा धुराने काळा झालेला असे.

आमच्याकडे बियाणे हे बाईचे काम. कापणीच्या आधी काकी उभ्या भातातून एकटी फिरायची आणि भरलेल्या, न लवंडलेल्या ओंब्या निवडून काढायची. त्या वेगळ्या झोडायच्या, वेगळ्या वाळवायच्या, मुडा बांधून माळ्यावर चढवायचा. रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. काकाचे काम पेरण्यापासून सुरू होई. ते बी काकीला तिच्या सासूने दिले होते. आमच्या उताराच्या जमिनीत तेच भात वेळेवर पिके, हे वाडीत सगळ्यांना माहीत होते. काका जमिनीबद्दल बोलताना ‘आपली’ म्हणे. बियाण्याबद्दल बोलताना ‘तुझं बी’ म्हणे.

काकीचा दमा मी कळता झालो तेव्हापासूनचा. सकाळी चूल पेटवताना खोकला सुरू होई आणि भाकरी होईपर्यंत थांबत नसे. फुंकणीने फुंकायला छातीत हवा लागते. ती तिला पुरत नसे, म्हणून चूल मी किंवा काका फुंकत असू. रात्री ती आडवी होऊ शकत नव्हती. कुडाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची. १९८५ च्या दिवाळीनंतर ती विहिरीवरून हंडा आणताना वाटेत खाली बसली आणि तिला उठता येईना. काकाने तिला बदलापूरला डॉक्टरकडे नेले. मी बरोबर होतो.

“विडी ओढता?” डॉक्टरांनी विचारले.

“मी? नाय ओ.”

“तंबाखू?”

“मशेरी लावते.”

“स्वयंपाक कशावर करता?”

“चुलीवर. मंग कशावर करनार?”

डॉक्टरांनी छाती तपासली. गोळ्या देतो, पण धुरात बसणे बंद झाले नाही तर गोळ्यांचा उपयोग होणार नाही, असे त्यांनी काकाला सांगितले. बाहेर आल्यावर काकी म्हणाली, “डाक्टरच्या घरी भाकऱ्या कोन थापतं, ते इचारायला पायजे होतं.”

काका हसला नाही.

घरात गॅस येण्याचा प्रश्न नव्हता. रॉकेल रेशनवर मिळे, ते कंदिलांना पुरत असे. स्टोव्ह होता, तो पाहुणे आले की चहापुरता पेटे. म्हणून पौषात जेव्हा सरकारी योजनेतून निर्धूर चुली बांधणारी बाई वाडीत आली, तेव्हा पहिले नाव काकाने दिले.

बाई बदलापूरची होती. चाळिशीची, पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्यावर चुलीचा पत्र्याचा साचा. शाळेच्या पडवीत तिने बायकांना जमवले. पुरुष लांब उभे राहिले. साध्या चुलीत लाकडाची बरीचशी आच वाया जाते, या चुलीत तेवढ्याच लाकडात दोन भांडी शिजतात, लाकूड कमी लागले की जंगल वाचते, असे तिने सांगितले. हवामान बदल हे शब्द तेव्हा वाडीत कुणी ऐकले नव्हते. बाईनेही ते वापरले नाहीत. ती जंगलतोडीबद्दल आणि उशिरा येणाऱ्या पावसाबद्दल बोलली.

मागून एका म्हाताऱ्याने विचारले, “जंगल आमच्या चुलीनं संपतंय, का रातचे ट्रक भरतात त्यांनी?”

पुरुष हसले. बाई म्हणाली, “ट्रक माझ्याच्यानं थांबत नाहीत, बाबा. चूल बांधता येते.”

दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडे चूल बांधली. माती, भाताचा कोंडा आणि शेण काकीने मळून ठेवले होते. पुढे विस्तवाचे तोंड, त्यावर एक भांडे. आतून मातीचा बोगदा मागे जाऊन दुसऱ्या भांड्याच्या वैलाला मिळत होता. वैलाच्या मागे पाइप, तो माळ्यातून वर जाऊन कौलांच्या बाहेर निघाला. पाइपला वाट करण्यासाठी बाईने माळ्यावरचा मुडा बाजूला सरकवला.

“दोन्ही तोंडांवर भांडी पाहिजेत, मावशी. एक जरी उघडं राहिलं तर धूर घरात येईल,” तिने काकीला बजावले. “आणि महिन्याला पाइप साफ करायचा. बाकी काही नाही.”

चूल वाळल्यावर पेटवली. पाइपच्या तोंडातून कौलांवर धूर निघाला तो पाहायला काकी अंगणात आली आणि बराच वेळ उभी राहिली. आत भात शिजत होता.

त्यानंतरचे चार महिने घराला सगळ्यांत चांगले गेले. जिथे दोन मोळ्या लागत तिथे एक पुरू लागली. जंगलाची हद्द वाडीपासून दरवर्षी लांब जात होती, आणि वनखात्याचे लोक बायकांना अडवत. त्यामुळे एक मोळी कमी म्हणजे एक खेप कमी. काकीचा खोकला शिमग्यापर्यंत बराच उतरला. ती आडवी होऊन झोपू लागली. तिने कुडावरची काजळी खरवडून काढली आणि भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या.

शेजारच्या घरातली काकीची चुलत जाऊ दारातून आत डोकावून म्हणायची, “काय गो, जेवन केलंस का उपास हाय? धूर कसा तो दिसंना.”

“तुज्या डोल्यांत गेलाय सगला, म्हनून दिसत नाय,” काकी म्हणायची.

वैशाखात माळ्यावरून पिठासारखी पिवळी पूड पडू लागली. ती पहिल्यांदा भाकरीच्या पिठात पडली तेव्हा कोंडा असेल असे वाटले. मग काकाने माळ्याचा बांबू बोटाने दाबला. तो आत गेला. बांबूला भुंगा लागला होता. इतकी वर्षे त्या माळ्याला कीड लागलेली कुणी पाहिली नव्हती. पावसाआधी बांबू बदलता येतील, म्हणून त्याची फार चर्चा झाली नाही.

रोहिणी लागल्यावर काकीने मुडा खाली घेतला. दोर सोडला आणि पेंढा उलगडला. भातात टोके किडे फिरत होते. वरच्या थरात बरेच दाणे पोकळ होते. तिने सूप भरून पाखडले, तेव्हा निम्म्याहून अधिक दाणे वाऱ्याबरोबर पुढे गेले.

“पाला घातला होता ना कडुलिंबाचा?” काकाने विचारले.

“दर साली घालते तसा घातला.”

उरलेले बी काकाने रोपांसाठी भाजलेल्या राबात पेरले. मृगाचा पाऊस वेळेवर पडला. इतरांचे राब हिरवे झाले. आमचा राब जागोजाग उगवला, मध्ये उघडी माती दिसत होती. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. शेजारची जाऊ बांधावर आली, तिने राब पाहिला आणि काकीला म्हणाली, “धूर घालवलास, बाई. बी बी गेलं त्याच्या मागं.”

काकी वाकून राबातले तण काढू लागली.

बी धुरावर टिकत होते. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती, पण चूल बांधताना कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण धूर कुणी मुद्दाम करत नव्हते. तो होताच. बाईच्या साच्यात दोन भांडी, एक विस्तव आणि एक पाइप एवढेच होते. माळ्याबद्दल तिने विचारले नाही आणि आमच्यातही कुणी सांगितले नाही.

त्या पावसात लावणीला राबातल्या रोपांचे आवण कमी पडले. कुणाचे उरलेले, कुणाचे जास्तीचे अशी तीन-चार घरांची रोपे आणून काकाने शेत भरले. आमच्या स्वतःच्या बियाण्याची रोपे फक्त खालच्या एका खाचरापुरती होती. भाद्रपदात शेतात वेगवेगळ्या उंचीची भाते उभी होती. काही आधी पिकली, काही हिरवी राहिली. काकी कापणीच्या आधी त्या एकाच खाचरात फिरली आणि तिथून ओंब्या काढल्या. दरवर्षीपेक्षा त्या कमी होत्या. पेरायला जेमतेम पुरतील एवढ्याच.

“हे गेलं तर परत नाय मिलायचं,” ती काकाला म्हणाली.

“दुकानात मिलतं बी. बदलापुरात सुधारलेलं मिलतं.”

“ते खालच्या जमिनीचं. आपल्या उतारावर ओंब्या पसवायच्या आत पानी सरतं. गेल्या साली शेजारच्यांनी आनलं, काय जालं?”

काकाने चूल मोडून जुनी मांडण्याची गोष्ट काढली. ती पावसाळ्यात त्याने दोनदा काढली होती. काकीने दोन्ही वेळा नको म्हटले होते. आता पुन्हा नको म्हटले. जुनी चूल दुप्पट लाकूड खाई. दुसरी मोळी आणायला चढण चढावी लागे, आणि ती आपल्याला जमणार नाही, असे ती म्हणाली. काका शेतात असे, मी कॉलेजात. मोळी हे तिचेच काम होते.

मळणी झाली, मुडा बांधून माळ्यावर गेला, आणि त्या दुपारी तिने वैलावरचे भांडे उतरवले. हात आत घालून पाइपच्या तोंडात ओले गोणपाट कोंबले, वरून चिखल लिंपला. मी कॉलेजातून आलो तेव्हा ती कोपरापर्यंत काळे झालेले हात धूत होती. काका दारात बसला होता.

“हे काय केलंस?” मी विचारले.

“काय नाय. रोयनीपर्यंत. बी खाली उतरलं का काडते.”

“आणि डॉक्टर?”

“डाक्टर काय पेरायला येनार हाय?”

काका उठून गोठ्याकडे गेला.

तिचा हिशेब साधा होता. चूल तीच, म्हणून लाकूड कमीच लागणार. वैल उघडा ठेवायचा, त्यातून धूर सरळ माळ्यावर जाणार, बी राखले जाणार. रोहिणी लागली की पाइप मोकळा. हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती. जुन्या उघड्या चुलीत विस्तवाला चारी बाजूंनी वारा मिळे आणि धूर पसरत वर जाई. या चुलीचा विस्तव बोगद्यात होता. पाइप बंद झाल्यावर त्याला ओढ उरली नाही. लाकूड धुमसू लागले. धूर थोडा वैलातून वर गेला, बाकीचा पुढच्या तोंडातून बाहेर आला. भाकरी थापणाऱ्या बाईचे तोंड त्या तोंडासमोर असते.

माघापर्यंत ती पुन्हा बसून झोपू लागली. सारवलेल्या भिंती काळ्या झाल्या. काकाने एकदा तिला न विचारता गोणपाट ओढून काढले. तिने त्याच दिवशी परत बसवले. त्यावर दोघांत मोठ्याने भांडण झाले नाही. काका संध्याकाळचा भात स्वतः टाकू लागला. वाडीतले पुरुष त्याला विचारत, “काय, आज काय शिजवलं?” सकाळच्या भाकऱ्या त्याला येत नव्हत्या. त्या काकीकडेच राहिल्या.

चुलीवाली बाई फेरतपासणीला आली ती या दिवसांत. तिने दारातच डोळे पुसले. वैलात हात घालून पाहिले आणि म्हणाली, “मावशी, हे तुम्ही केलंत?”

“मीच केलं.”

“अहो, याच्यापेक्षा जुनी चूल बरी होती. हे तर विषाचं भांडं झालंय. पाइप तरी उघडा, नाहीतर चूल तरी मोडा. अर्धवट नका ठेवू.”

काकीने तिला माळ्याकडे बोट करून सगळे सांगितले. सांगताना ती दोनदा थांबली. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “बी पत्र्याच्या डब्यात ठेवा. घट्ट झाकणाच्या. राख घाला.”

“एवडा डबा कुटं हाय?”

“मग शेजारी ठेवा. त्यांची चूल जुनी आहे. त्यांच्या माळ्यावर ठेवा रोहिणीपर्यंत.”

यावर काकी हसली. खोकल्यामुळे ते हसणे लांबले. “माजं बी दुसरीच्या माल्यावर? मी काय मेलेय का?”

बाईला ते कळले नाही, म्हणून काकाने समजावले. आमच्याकडे एखाद्या घरचे बी दुसऱ्या घरी ठेवतात, ते त्या घरात बाई उरली नसेल तेव्हाच.

बाई जाताना मला म्हणाली, “तुम्ही शिकलेले आहात. सांगा त्यांना.” मी आधीच सांगितले होते, त्यानंतरही सांगितले. वडिलांना निरोप दिला. त्यांनी पुढच्या रविवारी कारखान्याच्या भंगारातून झाकणाचा एक पिंप आणला. अंबरनाथहून वांगणीपर्यंत लोकलने आणि पुढे डोक्यावर. काकीने झाकण उघडले, वास घेतला आणि झाकण लावले.

“भावजी, यात काय होतं?”

“काय तरी केमिकल असंल. धुतलाय दोनदा.”

“धुवून असा वास येतो?” ती म्हणाली. “यात ठेवलेलं बी उगवंल का? आनि उगवलं तर खानार कोन?”

पिंप गोठ्यामागे पडून राहिला.

फाल्गुनात तालुक्याहून योजनेचा एक अधिकारी आला. तो ओटीवर उभा राहिला, आत गेला नाही. चूल वापरता का, असे त्याने काकीला विचारले.

“वापरते की.”

“लाकूड कमी लागतं?”

“लागतं.”

“चांगलं आहे,” तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला. दोन्ही उत्तरे खरी होती.

१९८७ च्या रोहिणीत मुडा खाली आला. काकीने तो बसूनच सोडला. आत एकही टोका नव्हता. दाणे भरलेले होते. काकाने ते राबात पेरले आणि त्या मृगात आमचा राब सगळा उगवला. शेजारची जाऊ पाहायला आली. “यंदा बरं उतरलंय,” एवढेच म्हणाली आणि काकीजवळ बसून राहिली.

गोणपाट ठरल्याप्रमाणे काकाने काढले. चूल पुन्हा ओढू लागली, धूर कौलांवरून जाऊ लागला. काकीच्या श्वासावर त्याचा परिणाम झाला नाही. ती लावणीला शेतात उतरू शकली नाही. ओटीवर बसून ती आवणाच्या जुड्या जाताना पाहायची. पाय सुजले होते. आषाढात एका सकाळी तिचे ओठ निळे दिसू लागले, तेव्हा काका, मी आणि वाडीतल्या दोघांनी तिला झोळीतून स्टेशनवर आणि तिथून उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेले.

तिथे तिला प्राणवायू लावला. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक सिंधी म्हातारी होती. तिची मुलगी स्टीलच्या डब्यातून वरण-भात आणायची आणि काकीलाही थोडा द्यायची. काकीने तिला विचारले, “तुमच्यात कशावर शिजवतात?”

“गॅस पे, मौसी.”

“धूर नाय?”

“धुआँ काहे का?”

काकीने मान हलवली आणि भात खाल्ला.

तरुण डॉक्टर काकाला बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसे बऱ्याच वर्षांपासून खराब आहेत, शेवटच्या काही महिन्यांत हृदयावर ताण आला आहे. या महिन्यांत काही वेगळे झाले होते का, असे त्यांनी विचारले. काकाने चुलीचे सांगितले. गोणपाटाचे सांगितले. डॉक्टरांनी बियाण्याबद्दल दोनदा विचारून खात्री करून घेतली.

श्रावण लागण्याआधी काकी गेली. सकाळची वेळ होती. वडील पाळी सोडून अंबरनाथहून आले. तिला वाडीत नेले.

त्या वर्षी भात एकसारखे आले, एकाच वेळी पिकले. कापणी काकाने आणि मजुरांनी केली. सगळे भात एकत्र झोडले, एकत्र वाळवले आणि कणगीत भरले. कापणीच्या आधी शेतात फिरून ओंब्या कुणी वेगळ्या काढल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी रोहिणी लागल्यावर काकाने बदलापूरच्या दुकानातून बियाणे आणले.